गॅस फायरप्लेसच्या ब्लोअरपर्यंत वीज कशी न्यावी

अमेरिकेच्या थंड भागांतील टाउनहाउस आणि स्वतंत्र घरांमध्ये दिवाणखान्याच्या भिंतीतच बसवलेली गॅस फायरप्लेस सर्रास आढळते. काचेमागची ज्वाळा कितीही मोठी असली तरी पंख्याशिवाय तिची ऊब समोरच्या सोफ्यापुरतीच राहते आणि बाकीची गरम हवा थेट छताकडे जाते. ब्लोअर म्हणजे ज्वलनपेटीच्या खालच्या पोकळीत बसणारा लांबट पंखा. तो खालच्या जाळीतून खोलीतील गार हवा ओढतो, पेटीच्या मागून आणि वरून फिरवतो आणि वरच्या जाळीतून पुन्हा खोलीत सोडतो. डायरेक्ट व्हेंट प्रकारच्या फायरप्लेसमध्ये ज्वलनासाठी लागणारी हवा घराबाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो, त्यामुळे पंख्याची हवा ज्वाळेच्या हवेत कुठेही मिसळत नाही. पंखा स्वतः उष्णता निर्माण करत नाही, म्हणून गॅसचे बिल एकदम खाली येईल अशी आशा धरू नये. पत्र्याच्या पेटीभोवती अडकून राहणारी उष्णता खोलीत आणणे एवढेच त्याचे काम आहे आणि कडाक्याच्या थंडीत तेवढाही फरक चांगला जाणवतो.

पंखा जागेवर बसवणे फारसे अवघड नसते. अवघड असते ती वीज, कारण घर बांधताना ब्लोअर घेतला नसेल तर बिल्डरने तेथपर्यंत वायर ओढलेलीच नसण्याची शक्यता मोठी असते. पुढील माहिती अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरातील, कारखान्यात तयार झालेल्या गॅस फायरप्लेससाठी आहे. विटांच्या जुन्या चुलाण्याला किंवा लाकूड जाळणाऱ्या पेटीला यातील बऱ्याच गोष्टी लागू पडत नाहीत. घर भाड्याचे असेल तर या कामाला हात घालू नये, आणि टाउनहाउसमध्ये भिंती सामायिक असल्यामुळे सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियम आधी वाचावेत.

काम सुरू करण्यापूर्वी खालची जाळी उघडून माहितीपट्टी शोधावी. धातूची ही पट्टी खालच्या पोकळीत स्क्रूने घट्ट बसवलेली किंवा साखळीला अडकवलेली असते. तिच्यावर मॉडेल क्रमांक असतो आणि बहुतेक वेळा या फायरप्लेसला कोणते ब्लोअर किट चालते तेही छापलेले असते. त्या क्रमांकावरून उत्पादकाचे इन्स्टॉलेशन मॅन्युअल मिळवून विजेच्या जोडणीचे पान छापून जवळ ठेवावे. मॅन्युअलमध्ये ब्लोअरचा उल्लेखच नसेल तर विषय तिथेच संपतो, कारण केवळ शोभेसाठी बनवलेल्या काही फायरप्लेसमध्ये पेटीभोवती हवा फिरायला मार्गच ठेवलेला नसतो आणि अशा पेटीत बाजारातला कुठलाही पंखा बसवला तर तिची सुरक्षा-मान्यता रद्द होते. मापाने बसतो आणि स्वस्त आहे एवढ्यावर भलत्याच कंपनीचा पंखा घेऊ नये. भारतातून आणलेली मोटर तर मुळीच वापरू नये. ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झसाठी बनवलेली असते, तर येथील घरातील सॉकेटला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ मिळतात.

पट्टी सापडली की त्याच पोकळीत टॉर्च मारून डाव्या आणि उजव्या बाजूला नीट पाहावे. पुष्कळ मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एक छोटा जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरी जोडण्याची पेटी, दिलेला असतो. कधी तो रिकामा असतो, कधी त्यात सॉकेट लावलेले असते पण मागे वायर नसते, आणि कधी बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने वायर आणून टोकांना वायर नट, म्हणजे वायरी जोडायची प्लॅस्टिकची टोपी, लावून तशीच सोडलेली असते. फायरप्लेसजवळच्या भिंतीवर दोन स्विच शेजारी शेजारी असतील आणि त्यांतील एकाने काहीच होत नसेल, तर तो ब्लोअरसाठीच ठेवलेला असण्याचा संभव आहे. अशा वेळी तो स्विच चालू करून बॉक्समधील वायरवर टेस्टर लावून पाहावे. वीज आली तर भिंत फोडण्याचा मोठा खटाटोप वाचला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फायरप्लेस पेटवण्याचा जो स्विच भिंतीवर असतो, तो दिसायला दिव्याच्या स्विचसारखाच असला तरी त्यात बहुधा १२० व्होल्टची वीज नसते. सतत जळणाऱ्या पायलटच्या, म्हणजे मुख्य ज्वाळा पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, फायरप्लेसमध्ये त्या ज्योतीवर तापणारा थर्मोपाइल साधारण अर्ध्या ते पाऊण व्होल्टची वीज तयार करतो आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या फायरप्लेसमध्ये हाच स्विच काही व्होल्टच्या परिपथावर असतो. या स्विचमागे बारीक, घंटीच्या तारेसारख्या दोन वायरी दिसतात. तेथून ब्लोअरला वीज मिळणार नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या वायरींना कोणी १२० व्होल्ट जोडले तर व्हॉल्व्ह किंवा कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे प्रज्वलन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग, जळून जातो आणि प्रश्न गॅसच्या सुरक्षिततेचा होतो. स्विचची पट्टी काढून आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कमी व्होल्टच्या आणि १२० व्होल्टच्या वायरी एकाच बॉक्समध्ये मधल्या पडद्याशिवाय एकत्र ठेवायला नियमही मनाई करतात.

परवान्याबद्दल थोडक्यात सांगतो. बहुतेक शहरांत आणि काउंटींमध्ये भिंतीतून नवीन वायर ओढण्यासाठी इलेक्ट्रिकल परमिट लागते. अनेक ठिकाणी घरमालकाला स्वतःच्या राहत्या घरासाठी ते मिळते, काही ठिकाणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनच लागतो, त्यामुळे स्थानिक बिल्डिंग विभागाला विचारून घ्यावे. भिंत बंद करण्यापूर्वी एक तपासणी आणि काम संपल्यावर एक तपासणी अशी साधारण पद्धत असते. पुढे जे आकडे दिले आहेत ते नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे एनईसीमधील आहेत. आपल्या गावात त्याची कोणती आवृत्ती लागू आहे तेही त्याच विभागात कळते. कॅनडात संहिता वेगळी आहे आणि केबलवर एनएमडी ९० असे छापलेले असते.

वीज कुठून घ्यावी हे ठरवताना भाराचा प्रश्न फारसा येत नाही. असा ब्लोअर साधारण एक अँपिअर किंवा त्याच्या आसपास घेतो, म्हणजे शंभर-सव्वाशे वॅट, आणि १५ अँपिअरच्या परिपथाची क्षमता १,८०० वॅटची असते. त्यामुळे दिवाणखान्यातील जवळच्या सॉकेटवरून वीज घेणे हा सरळ मार्ग आहे. मात्र स्वयंपाकघराच्या ओट्यावरील, बाथरूममधील किंवा लाँड्रीतील सॉकेटच्या परिपथावरून ती घेऊ नये. ते परिपथ नियमाने त्या-त्या कामासाठी राखून ठेवलेले असतात. ज्या सॉकेटचा अर्धा भाग भिंतीवरच्या स्विचवर चालू-बंद होतो, तेथून घेताना कोणती वायर कायम चालू असते हे आधी ओळखावे.

ब्रेकरवरील आकडा वाचून वायरची जाडी ठरवावी. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. १५ अँपिअरचा ब्रेकर असेल तर १४ गेजची केबल चालते, २० अँपिअरचा असेल तर १२ गेजचीच लागते. पंखा लहान आहे म्हणून २० अँपिअरच्या परिपथावर १४ गेज जोडणे चूक आहे, कारण ब्रेकर वायरचे रक्षण करण्यासाठी असतो आणि पातळ वायर तापली तरी तो पडणार नाही. घरांच्या भिंतींत वापरल्या जाणाऱ्या आजच्या एनएम-बी केबलचे आवरण १४ गेजला पांढरे आणि १२ गेजला पिवळे असल्यामुळे ओळखणे सोपे जाते, पण जुन्या घरांत सगळीच केबल पांढरी असू शकते, म्हणून आवरणावरील छपाई वाचावी.

ज्या सॉकेटमधून वीज घ्यायची त्याच्या बॉक्समध्ये जागा आहे का, याचा हिशोब पुष्कळ जण करतच नाहीत आणि मग कोंबलेल्या वायरी वर्षानुवर्षे तापत राहतात. हिशोब सोपा आहे. १४ गेजच्या प्रत्येक काळ्या आणि पांढऱ्या वायरीसाठी २ घन इंच, सर्व अर्थिंगच्या तारा मिळून २ घन इंच, सॉकेटसाठी ४ घन इंच आणि आत केबल पकडणारे क्लॅम्प असतील तर त्यांचे आणखी २ घन इंच धरावेत. बॉक्समध्ये आधीच दोन केबल असतील आणि आपण तिसरी आणली, तर सहा वायरींचे १२, अर्थिंगचे २ आणि सॉकेटचे ४ मिळून १८ घन इंच होतात. नेहमीचा १८ घन इंचांचा प्लॅस्टिकचा बॉक्स येथेच काठोकाठ भरतो. केबल १२ गेजची असेल तर २ च्या जागी २.२५ धरावे लागतात आणि एकूण आकडा २०.२५ वर जातो, म्हणजे बॉक्स बदलणे भागच असते. बॉक्सचे आकारमान त्याच्या आतल्या बाजूला छापलेले असते.

आणखी एक नियम येथे आडवा येतो. दिवाणखान्यातील परिपथ सहा फुटांहून अधिक वाढवला किंवा त्यावर नवीन सॉकेट आले, तर एनईसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांनुसार त्याला एएफसीआय संरक्षण लागते. सैल जोडणीत किंवा खिळा लागलेल्या केबलमध्ये होणारी ठिणगी ओळखून हे उपकरण वीज तोडते. ते ब्रेकरच्या रूपात मिळते आणि आपल्या पॅनलला, म्हणजे ब्रेकरच्या मुख्य पेटीला, मान्य असलेलाच ब्रेकर घ्यावा लागतो. पॅनलच्या आतले काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मुख्य ब्रेकर बंद केला तरी बाहेरून येणाऱ्या जाड तारांच्या टोकांना वीज असतेच. त्याचप्रमाणे १९६५ ते १९७३ च्या सुमारास बांधलेल्या घरात सॉकेटमागे ॲल्युमिनियमच्या वायरी दिसल्या, तर तेथे तांब्याची वायर साध्या वायर नटने जोडू नये. ते काम जाणकारावर सोपवावे.

केबलचा मार्ग ठरवताना एक सूत्र धरावे: केबल खालून आणावी आणि पेटीच्या पत्र्याला व धुराच्या पाइपला ती कुठेही टेकू देऊ नये. घराखाली अर्धवट बांधलेले बेसमेंट किंवा क्रॉल स्पेस, म्हणजे रांगत जाण्याएवढी पोकळी, असेल तर सर्वांत चांगले. अशा वेळी केबल सॉकेटच्या भिंतीतून खाली उतरवायची, जॉइस्टच्या, म्हणजे मजल्याखालच्या आडव्या लाकडाच्या, बाजूने न्यायची आणि फायरप्लेसच्या चौकटीतून पुन्हा वर आणायची. भोक पाडण्यापूर्वी गॅसचा पाइप कुठून वर गेला आहे हे दोनदा पाहावे, कारण तोही नेमका त्याच जागी वर चढतो. खालचा मार्ग नसेल तर सॉकेटपासून फायरप्लेसपर्यंत जमिनीलगतच्या ड्रायवॉलची (भिंतीच्या जिप्समच्या फळीची) पट्टी कापून स्टडमधून, म्हणजे भिंतीतील उभ्या लाकडांतून, भोके पाडत जावे. कडांना भोके आणि मध्ये फिश टेप (केबल ओढण्याची लवचिक पट्टी) घालून कमी तोडफोडीत काम उरकण्याचा मोह होतो, पण तीन-चार स्टड ओलांडायचे असतील तर सरळ पट्टी कापणे आणि नंतर ती पुन्हा बसवून रंगवणे हेच वेळ वाचवणारे ठरते. १९७८ पूर्वीच्या घरात भिंतीवर शिशाचा रंग असू शकतो, तेव्हा कापण्याआधी रंगाची तपासणी करून घ्यावी.

स्टडमधील भोक पाऊण इंचाचे आणि बरोबर मध्यभागी असावे. चार इंची म्हटला जाणारा स्टड प्रत्यक्षात साडेतीन इंच रुंद असतो. मध्यभागी पाऊण इंचाचे भोक पाडले की दोन्ही बाजूंना एक इंच आणि तीन अष्टमांश लाकूड उरते. नियमाला किमान सव्वा इंच लागते. भोक कडेच्या जवळ गेले तर स्टडवर स्टीलची खिळेपट्टी ठोकावी, नाहीतर उद्या कोणी टीव्ही लावताना स्क्रू थेट केबलमध्ये जाईल. केबल उघड्या जागेत दर साडेचार फुटांवर आणि बॉक्सपासून १२ इंचांच्या आत स्टेपलने धरावी. बॉक्सला स्वतःचा क्लॅम्प नसेल तर हे अंतर ८ इंच होते. मजल्यातून किंवा वरच्या-खालच्या आडव्या लाकडातून पाडलेली भोके अग्निरोधक सीलंटने बुजवावीत, कारण आग एका पोकळीतून दुसऱ्या पोकळीत जाते ती अशाच भोकांतून.

प्रत्यक्ष जोडणीच्या आदल्या दिवसापासून फायरप्लेस बंद ठेवावी. गॅसचा झडप बंद करावा, पायलटही विझवावा आणि काचेला हात लावण्यापूर्वी सर्व काही गार झाले आहे याची खात्री करावी. नंतर ब्रेकर बंद करावा आणि घरातील इतरांना कळावे म्हणून पॅनलवर चिठ्ठी चिकटवावी. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहावा, मग आपल्या सॉकेटवर आणि त्यानंतर पुन्हा त्या चालू सॉकेटवर. टेस्टर मधेच बिघडला असेल तर तो या तिसऱ्या पायरीवर लक्षात येतो.

भारतात वाढलेल्यांनी येथे विशेष जपावे. आपल्याकडच्या घरांत लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची हे लहानपणापासून डोक्यात बसलेले असते. अमेरिकेत काळी वायर फेजची असते, पांढरी न्यूट्रलची, आणि अर्थिंगची तार उघड्या तांब्याची किंवा हिरवी. हात सवयीने काळीकडे न्यूट्रल म्हणून जातो आणि ती चूक जिवावर बेतू शकते. शिवाय स्विचच्या काही जुन्या जोडण्यांत पांढरी वायरसुद्धा फेज म्हणून वापरलेली असते, म्हणून रंग पाहिल्यावरही टेस्टरवरच विश्वास ठेवावा. स्विचची दिशाही उलटी असते, येथे वर म्हणजे चालू.

सॉकेटमधून निघालेली केबल आधी भिंतीवरच्या नवीन स्विचकडे आणि तेथून फायरप्लेसच्या बॉक्सकडे न्यावी. स्विचच्या बॉक्समध्ये येणारी आणि जाणारी काळी वायर स्विचच्या दोन स्क्रूंना, पांढऱ्या दोन्ही वायरी एकमेकींना वायर नटने आणि अर्थिंगच्या तारा एकत्र करून एक शेपटी स्विचच्या हिरव्या स्क्रूला जोडावी. बॉक्समध्ये किमान सहा इंच मोकळी वायर ठेवावी. आखूड वायरीशी झगडताना इन्सुलेशनला चिरा पडतात. सॉकेट किंवा स्विचच्या मागच्या टोचून बसवायच्या भोकांत वायर न घालता टोकाला आकडा करून ती स्क्रूभोवती उजव्या दिशेने गुंडाळावी आणि स्क्रू आवळावा. जोडलेली प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहावी.

फायरप्लेसच्या बाजूला बऱ्याच मॉडेलमध्ये बॉक्स आतून स्क्रू काढून सोडवता येतो. तो सोडवावा, बाहेरची केबल पत्र्याच्या भोकातून आत घ्यावी, क्लॅम्पमध्ये अडकवावी आणि बॉक्स पुन्हा जागेवर बसवावा. क्लॅम्पशिवाय पत्र्याच्या धारेवरून केबल आत आणणे ही मला या कामातील सर्वांत धोकादायक हयगय वाटते; पंख्याच्या सततच्या कंपनाने ती धार आवरण कापत जाते. काळी वायर सॉकेटच्या पितळी स्क्रूला, पांढरी चंदेरी स्क्रूला आणि अर्थिंग हिरव्या स्क्रूला जोडावी आणि बॉक्सलाही अर्थिंग द्यावे. हा बॉक्स जाळी काढल्यावर नेहमी हाताशी येईल असाच राहिला पाहिजे, कारण जोडणीचा कोणताही बॉक्स भिंतीत गाडून टाकता येत नाही.

फायरप्लेस इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाची असेल आणि तिच्या मॉड्यूलचा ट्रान्सफॉर्मरही याच सॉकेटमध्ये लागत असेल, तर एक बदल करावा लागतो. स्विचपासून बॉक्सपर्यंत तीन वायरींची केबल घ्यावी, त्यातील काळी कायम चालू ठेवावी आणि लाल वायर स्विचमधून आणावी. सॉकेटच्या पितळी बाजूची दोन भागांना जोडणारी पट्टी पकडीने तोडली की एका भागाला मॉड्यूलसाठी अखंड वीज मिळते आणि दुसरा ब्लोअरसाठी स्विचवर चालतो. चंदेरी बाजूची पट्टी तोडायची नाही. असे न करता सगळेच सॉकेट स्विचवर ठेवले, तर ब्लोअर बंद करताच मॉड्यूलची वीज जाते आणि पेटवण्याचा भार फक्त बॅटरीवर पडतो.

आता ब्लोअर बसवायचा. किटनुसार तो चुंबकावर, वेल्क्रोवर किंवा बोल्टवर बसतो. तो व्हॉल्व्हच्या बाजूने आडवा करून मागच्या भिंतीशी सरकवावा लागतो, आणि हे करताना गॅसची लवचिक नळी दाबली जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे. नळी हलली असे वाटले तर गॅस सुरू केल्यावर जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. किटमध्ये तापमानावर चालणारा एक चकतीसारखा स्विच असतो. तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी पेटीच्या तळाला पूर्ण टेकला पाहिजे. पेटी तापली की तो पंखा सुरू करतो आणि गार झाली की बंद करतो. मध्ये जरी अंतर राहिले तरी पंखा फार उशिरा सुरू होतो किंवा सुरूच होत नाही. वेग कमी-जास्त करण्यासाठी किटमधील किंवा मोटरसाठी बनवलेलाच नियंत्रक वापरावा. दिव्याच्या डिमरवर ही मोटर गुणगुणते, तापते आणि लवकर जळते. सर्व वायरी पेटीच्या तळापासून दूर राहतील अशा बांधाव्यात.

ब्रेकर सुरू करून आधी ब्लोअरचा प्लग न लावता तीन दिव्यांच्या सॉकेट टेस्टरने सॉकेट तपासावे. जोडणी उलटी किंवा अर्थिंग तुटलेले असेल तर येथे कळते. मग प्लग लावून, गॅस सुरू करून फायरप्लेस पेटवावी आणि स्विच चालू करून थांबावे. पंखा लगेच फिरणार नाही. पेटी तापायला दहा-पंधरा मिनिटे किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात काही बिघडले असे समजून वायरी पुन्हा उघडू नयेत. अर्ध्या तासानंतरही तो फिरला नाही तर चकतीचा स्पर्श तपासावा. फायरप्लेस बंद केल्यावर पंखा काही वेळ चालूच राहतो, ते योग्यच आहे.

ज्यांना भिंत कापायची नसते ते एक्स्टेंशन कॉर्ड जाळीखालून बाहेर काढून जवळच्या सॉकेटला लावतात किंवा ती ड्रायवॉलमधून आरपार नेतात. लवचिक कॉर्ड भिंतीच्या आतून नेणे नियमबाह्य आहे, आणि गरम पत्र्याखालून जाणारी कॉर्ड कडक होऊन तडकते. मार्ग फारच अडचणीचा असेल तर इलेक्ट्रिशियनला फक्त केबल ओढण्यापुरते बोलवावे आणि पंखा स्वतः बसवावा. मॅन्युअलचे छापलेले पान त्याच्या हातात दिले की काम बरेच लवकर होते.

वादळात वीज गेली तर ब्लोअर थांबेल, पण सतत जळणाऱ्या पायलटची फायरप्लेस त्याशिवायही पेटते आणि ऊब देत राहते. अशा वेळी वरच्या जाळीसमोर काही ठेवू नये. दर वर्षी थंडीच्या आधी ब्रेकर बंद करून खालच्या पोकळीतील धूळ आणि पाळीव प्राण्यांचे केस व्हॅक्यूमने काढावेत आणि पंख्याची पाती मऊ ब्रशने साफ करावीत. पॅनलच्या दारावरील यादीत ज्या ब्रेकरवर हा परिपथ आहे त्यापुढे ‘फायरप्लेस ब्लोअर’ असे लिहून ठेवावे आणि मॅन्युअलचे पान, परमिटची प्रत आणि भिंत बंद करण्यापूर्वी काढलेली केबलच्या मार्गाची छायाचित्रे घराच्या कागदपत्रांत लावावीत.